ओल्या कचऱ्याचा गॅस आणि काडाचं इथेनॉल

चैत्रात सांवेरहून मामा इंदूरला आले की पहिला विषय नरवाईचा. कंबाइनने गहू काढला की शेतात धसकटं उरतात, तीच नरवाई, आणि बरेच जण काडी ओढून मोकळे होतात. यंदा सिटी बसमध्ये मी सांगितलं, की देवगुराडियाच्या प्लांटमध्ये आपल्या कचऱ्यापासून होणाऱ्या गॅसवर इथे बस चालतात. मामा लगेच म्हणाले, "अरे, मग आमची नरवाईही देवगुराडियाला नेऊन टाका की, तिचं इथेनॉल होईल."

देवगुराडियाला इथेनॉल होत नाही. 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या त्या प्लांटची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. बंद टाकीत, हवेविना, जिवाणू तो कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतो. सोबतचा कार्बन डायऑक्साइड काढून, दाब देऊन भरला की झाली बायो-सीएनजी. दिवसाला सुमारे 17 टन. उरलेल्याचं खत होतं.

इथेनॉल म्हणजे द्रव, पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल. ते यीस्ट करतं, आणि यीस्टला लागते सुटी साखर. उसाच्या मळीत ती तयारच असते. गव्हाच्या काडातही साखर आहे, पण सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली आणि वरून लिग्निनने, म्हणजे काडाला कडकपणा देणाऱ्या पदार्थाने, जखडलेली. म्हणून तर केळ्याचं साल बादलीत चार दिवसांत काळं पडून पाणी सोडतं, आणि गोठ्यातलं कोरडं काड वर्षभरानेही बोटांत कडकन मोडतं.

ते कुलूप उघडणं हेच खरं काम, आणि खर्चही तिथेच. काड बारीक करायचं, वाफेने किंवा सौम्य आम्लाने सैल करायचं, एन्झाइमने सेल्युलोजची साखर करायची, तेव्हा कुठे यीस्टची पाळी येते. त्यातही काडातून सुटणारी झायलोज ही साखर साधं यीस्ट खातच नाही, त्यासाठी वेगळ्या जाती लागतात. पुढे ऊर्ध्वपातन केलं तरी पाच टक्क्यांच्या आसपास पाणी चिकटून राहतं, ते वेगळं काढावं लागतं. इंडियन ऑइलचा पानिपतचा असा प्रकल्प 10 ऑगस्ट 2022 रोजी देशाला अर्पण झाला. वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा, त्यातून सुमारे 3 कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे दीडशे लिटर.

काडापासून गॅस होतच नाही असं मात्र नाही. पंजाबात लेहरागागाला भाताच्या पेंढ्यापासूनच बायो-सीएनजी करतात. पण ती यंत्रणा पेंढ्यासाठीच उभारलेली. भाजीच्या देठांसाठी बांधलेल्या टाकीत नुसतं काड लोटलं तर ते वर तरंगतं, आणि त्यात नायट्रोजन इतका कमी की जिवाणू उपाशी राहतात.

मला वाटतं, माळव्याची अडचण कारखान्याच्या आधी, शेतातच सुरू होते. धसकटं कापायची, गाठी बांधायच्या, वाहून न्यायच्या. वजन थोडं आणि ट्रॉली मात्र शिगोशीग. पंजाबात भात आणि गव्हाच्या मध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. आपल्याकडे उन्हाळी मूग घेतला नाही तर सोयाबीनच्या पेरणीपर्यंत चांगले दोन महिने हातात असतात, मग आग लावायची घाई कसली?

मामांच्या गोठ्यात चार गाई आहेत. त्यांना म्हटलं, आधी रीपर फिरवून भुसा करून घ्या, इथेनॉलचं नंतर बघू.