मधल्या ठिपक्यांची गोष्ट: सेल्फ-ड्युॲलिटीची पार्श्वभूमी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दिवाळीला तळमजल्यावर ठिपक्यांची रांगोळी असते. ठिपके सरळ ओळींत असतील तर चौघांच्या मधोमध एकेक नवा ठिपका देऊन पाहा. नवी जाळीही चौकोनीच निघते, फक्त अर्धं घर सरकलेली. ठिपके एकाआड एक, त्रिकोणांत मांडलेले असतील तर त्याच युक्तीनं मधमाश्यांचं पोळं तयार होतं. पहिली जाळी स्वतःचीच जोडीदार, दुसरी नाही. सेल्फ-ड्युॲलिटी म्हणतात ती ही. ('स्वद्वैत' म्हणावं तर लोक थेट वेदांतात शिरतात.)

१९४१ मध्ये क्रेमर्स आणि वॅनियर यांनी हे चुंबकाच्या आयसिंग मॉडेलला लावलं. तिथे प्रत्येक ठिपक्यावर वर किंवा खाली तोंड केलेला एक चिमुकला चुंबक असतो. चौकोनी जाळीचं जास्त तापमानाचं गणित मधल्या जाळीच्या कमी तापमानाच्या गणिताशी तंतोतंत जुळतं, असं त्यांना दिसलं. मधली जाळीही चौकोनीच. मग चुंबकत्व जाण्याचं तापमान एकच असेल, तर या अदलाबदलीत ते जागचं हलणार नाही. एवढ्यावरून २.२६९ हा आकडा हाती आला (शेजारच्या चुंबकांमधली ऊर्जा एकक धरून). मॉडेल पुरतं सोडवलं ऑन्सागरनं, १९४४ साली. गणित सुटायच्या आधीच उत्तर मिळालं, माझ्या लेखी या कल्पनेची खरी किंमत तिथे आहे.

क्षेत्रसिद्धांतातली मुळं त्याहून जुनी. रिकाम्या जागेत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची अदलाबदल केली, एक चिन्ह सांभाळलं, की मॅक्सवेलची समीकरणं तशीच राहतात. प्रभार आले की घोडं अडतं, कारण सुटा चुंबकीय ध्रुव (मोनोपोल) कुणाला सापडलेला नाही. असा ध्रुव असेल तर विद्युतप्रभार ठरावीक पटींतच येणार, हे १९३१ मध्ये डिरॅकनं दाखवलं. शिवाय एक प्रभार लहान असला की दुसरा मोठा. १९७५ च्या इन्स्टँटॉनमध्ये (क्षेत्राच्या समीकरणांचं अवकाश-काळात एका जागी गोळा झालेलं उत्तर) क्षेत्र स्वतःच्याच ड्युअलइतकं, म्हणजे जोडीदाराइतकं असतं. १९७६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बोगोमोल्नींच्या युक्तीनं दुसऱ्या क्रमाची (सेकंड ऑर्डर) समीकरणं पहिल्या क्रमावर आली. अतिसंवाहकांच्या दोन प्रकारांच्या नेमक्या सीमेवरचे भोवरे एकमेकांना ओढतही नाहीत, ढकलतही नाहीत, ते याच हिशेबात बसतं.

१९७७ मध्ये मोन्टोनेन आणि ऑलिव्ह यांनी धाडसी अंदाज मांडला: मोनोपोल आणि मूळ कण यांच्या भूमिका बदलल्या तरी सिद्धांत तोच राहावा. पुरावा मात्र बरीच वर्षं तोकडा होता. १९९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आमच्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनापलीकडे, अशोक सेन यांनी तपासलं की अंदाज खरा असेल तर विषम पटीतला विद्युतप्रभार घेतलेल्या मोनोपोलच्या बांधलेल्या जोड्या असायलाच हव्यात. त्या निघाल्या, आणि त्यासाठी लागलेला गणिती फॉर्मही (मोनोपोलच्या सगळ्या मांडण्यांवर पसरलेली एक राशी) सेल्फ-ड्युअलच होता.