१२० कलर निगेटिव्ह: फिल्मला प्रकाश किती द्यावा?

१२० चा, म्हणजे मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याचा रुंद फिल्मचा रोल डेव्हलप होऊन आमच्या लॅबमध्ये लाइट टेबलवर आला की आम्ही सगळ्यात आधी सावल्या पाहतो. काळे केस, झाडाखालचा अंधार, गडद कोटाच्या घड्या. तिथे थोडं जरी उमटलेलं असेल तरी पुढचं काम आम्ही आनंदाने करू. पण तो भाग कोराच राहिला असेल, तर जे फिल्मवर आलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार?

डिजिटलवर हात बसलेले बरेच जण पांढरं जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवतात. कलर निगेटिव्हला नेमकं याच्या उलट हवं असतं. जास्तीचे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ती सहज पचवते, पण एक स्टॉप कमी पडला तरी सावल्या चिखलासारख्या होतात, दाणे उठून दिसतात आणि काळ्या रंगावर निळसर-हिरवट झाक येते. उलट प्रकाश भरपूर मिळाला की रंगांचे सूक्ष्म ठिपके एकमेकांवर चढून मिसळतात आणि दाणे कमी जाणवतात. म्हणून शंका आली की प्रकाश वाढवा.

पोर्ट्रा ४०० या फिल्मसाठी (४०० हा तिच्या वेगाचा, म्हणजे आयएसओचा आकडा) प्रकाश मोजणारं मीटर २०० वर ठेवलं की एक स्टॉप आपोआप जास्त मिळतो. आम्हाला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. एक्टार १०० मात्र इतकी उदार नाही. जादा प्रकाशात चेहरे लालसर होऊ लागतात, म्हणून ती डब्यावरच्या आकड्यालाच वापरावी, फार तर अर्धा स्टॉप वाढवावा.

मीटर कुठे धरता यावर खूप काही ठरतं. हातातल्या मीटरचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करा आणि मीटर विषयाच्या सावलीच्या बाजूला धरा. उन्हात उभ्या माणसाचं मोजताना घुमटावर स्वतःच्या हाताची सावली पाडली तरी चालतं. मात्र मीटर २०० वर ठेवून शिवाय मोजणीही सावलीतच, असं भर दुपारी करू नका. तीन-चार स्टॉप जास्त होतात, निगेटिव्ह फार दाट येते आणि ढगांमधला फरक स्कॅनमध्ये सपाट होतो. त्या वेळी दोन्हींपैकी एकच युक्ती वापरा.

स्पॉट मीटर, म्हणजे लांबून एका छोट्या भागाचाच प्रकाश मोजणारं मीटर, ज्यावर रोखाल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. त्यामुळे ज्या सावलीत तपशील हवा तिचं रीडिंग घेऊन दोन स्टॉप बंद करायचे. शटर १/६० सेकंदाला एफ/४ आलं, तर एफ/८ लावा (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं तोंड लहान).

मीडियम फॉरमॅटची खरी अडचण पुढे येते. ८० मिमी लेन्सवर एफ/२.८ ला जवळच्या चेहऱ्याचा एक डोळा शार्प येतो नि दुसरा सुटतो, म्हणून एफ/८ पर्यंत जावं लागतं. मोकळ्या सावलीत, मीटर २०० वर ठेवून, एफ/८ ला साधारण १/१०० मिळतो. आरशाच्या जड कॅमेऱ्याला हातात धरून तेवढा वेग जेमतेम पुरतो, म्हणून शक्य असेल तिथे ट्रायपॉड घ्या. शटरचा वेग वाढवण्यासाठी प्रकाश कमी करू नका, ४०० सारखी वेगवान फिल्म वापरा. रणरणत्या उन्हात अडचण उलटी होते. अनेक लीफ शटर (लेन्सच्या आतली शटर) १/५०० वरच थांबतात, त्यामुळे तीच फिल्म असताना लेन्स एफ/११ पेक्षा जास्त उघडता येत नाही. मागचं धूसर हवं असेल तर १६० ची फिल्म किंवा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लागेल.

बेलोजने (घडीच्या भात्याने) फोकस होणाऱ्या कॅमेऱ्यांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ९० मिमी लेन्स ४५ मिमी पुढे सरकली की प्रकाश एक स्टॉपहून थोडा अधिक घटतो, आणि हातातल्या मीटरला ते कळत नाही. ती भर तुम्हीच घाला.

पिवळ्या बल्बच्या उजेडातही एक स्टॉप वाढवा. डेलाइट फिल्मच्या निळ्या थराला तिथे फार कमी प्रकाश मिळतो. मीटर ठीक आहे म्हणत असला तरी तो एक थर उपाशीच राहतो, आणि मग प्रिंटचा पिवळेपणा काढायला गेलं की सावल्या फाटतात.

निगेटिव्ह हातात आली की कडेचे आकडे बघा. आकडे ठळक आणि चित्र पातळ असेल, तर प्रकाश कमी पडला आहे. आकडेही फिके असतील तर चूक डेव्हलपिंगची असू शकते. तसं दिसलं तर निगेटिव्ह आमच्याकडे जरूर परत आणा, आपण सोबत बसून पाहू.

४०० ची फिल्म २०० ला वापरली असेल तर आम्हाला काही कळवायची गरज नाही, सी-४१ चं, म्हणजे कलर निगेटिव्हचं नेहमीचंच डेव्हलपिंग होईल. पुश, म्हणजे जास्त वेळ डेव्हलपिंग, हवं असेल तरच रोलच्या पट्टीवर ‘पुश १’ किंवा ‘पुश २’ असं स्पष्ट लिहा. पुशने कॉन्ट्रास्ट वाढतो, सावलीतला हरवलेला तपशील परत येत नाही. शिवाय पुश पूर्ण रोलला होतो, त्यामुळे ६×६ च्या बाराही फ्रेम एकाच आकड्याला घेतलेल्या असाव्यात.