तेल टिपणारा, पाणी नाकारणारा धागा

सोलापूरच्या टॉवेल व्यवसायात कापसाचे सूत कॉस्टिक सोड्यात उकळतात, कारण धाग्यावरचे नैसर्गिक मेण निघाल्याशिवाय टॉवेल पाणी नीट टिपत नाही. समुद्रावर सांडलेले तेल टिपणाऱ्या साहित्याची गरज नेमकी उलटी असते आणि या विषयाचा सगळा इतिहास त्या उलट्या गरजेभोवती फिरतो.

मार्च 1967 मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर चढले आणि लाखाहून अधिक टन कच्चे तेल समुद्रात गेले. ते पांगवण्यासाठी सुमारे 10,000 टन डिटर्जंट फवारण्यात आले. किनाऱ्यावरील जीवांना तेलापेक्षा त्याचीच बाधा अधिक झाली. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे पेंढा पसरून तेल गोळा केले गेले, मात्र पेंढा तेलाबरोबर पाणीही पितो आणि जड होतो. त्यामुळे पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या, न विणता दाबून केलेल्या चटया रूढ झाल्या. त्या तरंगतात, पाणी घेत नाहीत, परंतु वापरानंतर उरणाऱ्या न कुजणाऱ्या कचऱ्याचा प्रश्न त्यांनी आजतागायत सोडवलेला नाही.

कमळाच्या पानावर पाणी का ठरत नाही, याचा उलगडा 1997 मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी केला: पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवरचे मेण. या शोधानंतर पृष्ठभागच पाणी झिडकारेल आणि तेल ओढून घेईल, अशा जाळ्या, स्पंज व एरोजेल (हवेने भरलेले, अतिशय हलके सच्छिद्र घन पदार्थ) घडवण्याला वेग आला. अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2017 मध्ये मांडलेला ‘ओलिओ स्पंज’ स्वतःच्या वजनाच्या 90 पटींपर्यंत तेल घेतो आणि पिळून पुन्हा वापरता येतो. टेक्सास टेक विद्यापीठात शेषाद्री रामकुमार यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट मला, कापडाच्या गावात राहणाऱ्याला, अधिक मोलाची वाटते: कमी मायक्रोनेअरचा, म्हणजे अपक्व आणि बाजारात भाव न मिळणारा कच्चा कापूस वजनाच्या 30 पटींहून अधिक कच्चे तेल धरतो, आणि तो कुजतोही.

तथापि हे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. समुद्रात लाटांनी घुसळलेले तेल पाणी धरून लापशीसारखे घट्ट होते आणि सूक्ष्म छिद्रांत शिरत नाही. जानेवारी 2017 मध्ये चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांच्या टकरीनंतर किनाऱ्यावर साचलेला असा गाळ माणसांनी बादल्यांनी उपसला.