पित्ताच्या गांधी आणि आमसूल

‘लेकराच्या अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळा, उतरतं.’ सोलापुरात हे घरोघरी ऐकू येतं. उतरतं खरं, पण एकेक गांध बहुधा २४ तासांत आपोआपच विरते. नुसत्याच गांधी असतील तेव्हा एकीभोवती पेनाने रेघ मारा, काही न चोळता बघा.

पोटातल्या पित्ताशी याचा संबंध नाही. कधी साधा विषाणू, कधी अ‍ॅलर्जी. आपली शेंगाचटणी (माझीही आवडती!) पहिल्यांदा चाखवली आणि काही मिनिटांत, फार तर २ तासांत जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, धाप लागली किंवा लेकरू मलूल पडलं, तर १०८ ला फोन. आडवं झोपवा, दम लागत असेल तर टेकवून बसवा. चालवू नका. तेव्हा लागतं ते मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, श्वास मोकळा होत नाही.