कुमानो

कुमानो : जपानच्या होन्शू बेटावरील कीई द्वीपकल्पाचा दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख. आजच्या कारभारात तो वाकायामा, मिए आणि नारा या तीन प्रांतांत विभागला गेला आहे. अरुंद दऱ्या, दाट झाडी, समुद्रावर येऊन थांबणारे कडे आणि अतोनात पाऊस ही त्याची ओळख. मिए प्रांतातल्या ओवासे गावी वर्षाला सुमारे 4000 मिलिमीटर पाऊस पडतो. होंगू, हायातामा आणि नाची ही शिंतो या जपानच्या मूळ धर्माची तीन मोठी देवस्थाने (एकत्रित नाव ‘कुमानो सान्झान’) आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या ‘कुमानो कोदो’ या जुन्या पायवाटा यांमुळे हा प्रदेश हजार वर्षांहून अधिक काळ यात्रेकरूंचा आहे. कोयासान (डोंगरावरचे बौद्ध मठांचे ठाणे) आणि योशिनो-ओमिने (डोंगरी तपश्चर्येचा मुलूख) या परिसरांसह त्याला 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत कुमानोचा निसर्ग एका रकान्यात आणि संस्कृती दुसऱ्या रकान्यात दिलेली असते. ही वाटणी इथे टिकत नाही, कारण इथला धबधबा हाच देव आहे.

धबधबा, खडक, दोरखंड

नाचीचा धबधबा 133 मीटर उंचीवरून एका धारेत कोसळतो. त्याच्या पायथ्याशी हिरो नावाचे देवस्थान आहे. तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, आहे, पुजारी आहेत, फक्त देऊळ नाही. गाभारा नाही की मूर्ती नाही. भाविक कमानीखाली उभा राहतो, दोनदा वाकतो, दोन टाळ्या वाजवतो, पुन्हा वाकतो, आणि हे सगळे समोरच्या पाण्याला उद्देशून असते. धबधब्याच्या माथ्यावर, पाणी जिथून सुटते तिथे, भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर ताणलेला असतो. 9 जुलै आणि 27 डिसेंबर असा वर्षातून दोनदा तो बदलतात. पांढऱ्या वेशातले पुजारी अगदी कड्याच्या टोकाशी जाऊन हे काम करतात.

किनाऱ्यालगतच्या हाना-नो-इवाया येथे 45 मीटर उंचीचा खडकच पूजला जातो. सृष्टी प्रसवणाऱ्या इझानामी देवीची ही समाधी, असा उल्लेख आठव्या शतकातल्या ‘निहोन शोकी’ या ग्रंथात येतो. येथेही वर्षातून दोनदा, 2 फेब्रुवारी आणि 2 ऑक्टोबरला, सुमारे 170 मीटर लांबीचा दोर खडकाच्या माथ्यावरून खाली आणून बांधतात. शिंगू गावातल्या कामिकुरा डोंगरावर गोतोबिकी नावाची प्रचंड शिळा आहे. तिच्यापर्यंत 538 ओबडधोबड, अंगावर येणाऱ्या दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. 6 फेब्रुवारीच्या रात्री कमरेला जाड दोर गुंडाळलेले हजारांहून अधिक पुरुष पेटत्या मशाली घेऊन याच पायऱ्यांवरून धावत खाली येतात. नाचीचा अग्निउत्सव 14 जुलैला असतो. त्यात प्रत्येकी सुमारे 50 किलोच्या बारा मशाली लागतात.

नाचीचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र म्हणजे पुढे लाल-केशरी तीनमजली पॅगोडा आणि मागे पांढरी धार. हा पॅगोडा पुरातन समजून अनेकजण त्यासमोर उभे राहतात. मूळ पॅगोडा सोळाव्या शतकात जळाला. आजचा 1972 मध्ये बांधलेला आहे. खरे जुने पाहायचे तर शेजारच्या सेइगान्तोजी या बौद्ध मंदिराचे मुख्य सभागृह पाहावे. ते 1590 मध्ये तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने पुन्हा उभारले. 1868 नंतर मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध स्थळे सक्तीने वेगळी केली, तेव्हा होंगू आणि हायातामा येथील बौद्ध वास्तू गेल्या. नाचीला मात्र देवस्थान आणि मंदिर आजही भिंतीला भिंत लावून आहेत.

होंगूचा पूर

होंगूचे देवस्थान मुळात नदीपात्रातल्या ओयुनोहारा या वाळवंटावर होते. पूल नव्हता. यात्रेकरूने ओतोनाशी नदीत उतरायचे, पाणी कापत पलीकडे जायचे आणि ओल्या गवती चपलांनीच देवासमोर उभे राहायचे, अशी रीत होती. आंघोळ आणि दर्शन एकाच वाटेत उरकत असे म्हणा ना. ऑगस्ट 1889 च्या महापुराने बहुतेक इमारती वाहून नेल्या. वरच्या अंगाला झालेल्या जंगलतोडीने पाण्याचा जोर वाढला, असे मानले जाते. त्याच पुराने उद्ध्वस्त झालेल्या तोत्सुकावा गावातल्या सुमारे 2500 लोकांनी घरदार सोडून उत्तरेला होक्काइदो गाठले आणि तिथे ‘शिन-तोत्सुकावा’, म्हणजे नवे तोत्सुकावा, वसवले.

वाचलेली देवळे 1891 मध्ये जवळच्या टेकडीवर हलवली. जुन्या जागी आता गवताचे मोकळे मैदान, दोन छोट्या दगडी घुमट्या आणि 2000 साली उभारलेली 33.9 मीटर उंचीची पोलादी तोरी आहे. भातखाचरांच्या मधोमध उभी असलेली ही कमान काहींना अवाजवी वाटते. मात्र आत गेल्यावर देऊळ नसलेल्या त्या मैदानात माणसे आपोआप आवाज खाली आणतात.

कोणालाही मोकळी वाट

907 मध्ये निवृत्त सम्राट उदा येथे आला. 1090 मध्ये निवृत्त सम्राट शिराकावा आला आणि राजघराण्यात या यात्रेची लाटच आली. गो-शिराकावाने तर तीसहून अधिक वाऱ्या केल्या. 1201 मध्ये गो-तोबाबरोबर आलेला कवी फुजिवारा नो तेइका आपल्या रोजनिशीत पाऊस, थकवा आणि राहण्याची गैरसोय यांबद्दल मनसोक्त कुरकुर करतो. पुढे सामान्य लोक इतक्या संख्येने येऊ लागले की ‘कुमानोच्या यात्रेतल्या मुंग्या’ असा वाक्प्रचारच पडला. वाटेत जागोजागी ‘ओजी’ नावाची पूजेची छोटी ठाणी आहेत. त्यांना ‘नव्व्याण्णव ओजी’ म्हणतात. नव्व्याण्णव म्हणजे पुष्कळ, एवढाच त्याचा अर्थ.

होंगू पहिल्यांदा नजरेस पडते ते ठाणे म्हणजे फुशिओगामी, ‘आडवे पडून नमस्कार करण्याची जागा’. येथे कवयित्री इझुमी शिकिबूची आख्यायिका सांगतात. इतके चालून आल्यावर नेमकी इथे तिची पाळी आली. आता दर्शन नाही, म्हणून ती खिन्न झाली. त्या रात्री देवाने स्वप्नात येऊन सांगितले, की मला विटाळाचे वावडे नाही, तू ये. 1274 मध्ये इप्पेन नावाचा भिक्षू वाटेत अमिदा बुद्धाच्या नामाच्या चिठ्ठ्या वाटत होता. एकाने ‘माझी श्रद्धा बसत नाही’ म्हणून चिठ्ठी नाकारली आणि इप्पेन गोंधळला. होंगूच्या देवाने त्याला दृष्टांत दिला : श्रद्धा असो-नसो, शुद्ध असो-अशुद्ध असो, निवड करू नकोस, वाटत राहा. शेजारचे कोयासान एकोणिसाव्या शतकापर्यंत स्त्रियांना बंद होते आणि ओमिनेतले सान्जोगाताके शिखर अजूनही आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कथांचे वजन कळते. अर्थात कामिकुराच्या मशाली आजही फक्त पुरुषांच्याच हाती असतात.

दक्षिणेचा समुद्र

सेइगान्तोजी मंदिर भारतातून समुद्रमार्गे येऊन किनाऱ्याला लागलेल्या रागयो नावाच्या ‘उघड्या साधू’ने स्थापले, अशी दंतकथा आहे. तिच्या उलट दिशेची गोष्ट मात्र इतिहासातली, आणि अंगावर काटा आणणारी. अवलोकितेश्वराचे (जपानी कान्नोन) निवासस्थान पोतलक पर्वत दक्षिण भारतात आहे, असे बौद्ध परंपरा सांगते. जपानी उच्चारात ते झाले ‘फुदाराकू’. नाचीच्या किनाऱ्यावरचे भिक्षू थोडेसे अन्न आणि दिव्याचे तेल घेऊन लहानशा होडीतल्या खोलीत बसत, दार बाहेरून बंद केले जाई आणि होडी खोल समुद्रात नेऊन सोडली जाई. नवव्या शतकापासून 1722 पर्यंत अशी वीसेक प्रस्थाने झाली. सोळाव्या शतकात कोन्कोबो नावाचा भिक्षू होडी फोडून बाहेर आला. त्याला पुन्हा पाण्यात लोटले, असे सांगतात. त्यानंतर जिवंत माणसाला पाठवणे थांबले आणि मृत भिक्षूंचे देहच होडीतून सोडण्यात येऊ लागले. फुदाराकुसान-जी मंदिरात त्या होडीची प्रतिकृती ठेवली आहे. ती इतकी लहान आहे, की आपण तिच्यापुढे मुकाट उभे राहतो.

झाडांसाठी भांडण

कोदोवर दिसणारी सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी वृक्षांची उंच, सरळ झाडी पुष्कळ ठिकाणी इमारती लाकडासाठी लावलेली आहे. ती आदिम अरण्य नव्हे. मूळ जंगल नाचीसारख्या देवराईंत उरले. 1906 मध्ये सरकारने लहान देवस्थाने एकत्र करण्याचा हुकूम काढला. देवस्थान गेले की त्याची राई तोडायला मोकळी होत असे. तानाबे येथे राहणारा निसर्गअभ्यासक मिनाकाता कुमागुसू (1867–1941) याने याविरुद्ध लेख लिहिले, पत्रे धाडली आणि एकदा सभेत घुसून असा गोंधळ घातला, की काही दिवस कोठडीत काढावे लागले. त्सुगिझाकुरा-ओजीजवळचे मोजके प्रचंड सुगी वृक्ष त्याच्या खटपटीमुळे वाचले. त्यांच्या फांद्या एकाच बाजूला, दक्षिणेला, नाचीच्या दिशेने वळलेल्या आहेत.

गरम पाणी आणि खाचरे

युनोमिने या खेड्यात ओढ्याच्या काठी त्सुबोयू नावाची गरम पाण्याची कुंडी आहे. वर लाकडी खोपट, आत दोघातिघांपुरती जागा, आणि अर्ध्या तासाची पाळी. जागतिक वारशात हीही धरलेली आहे. शेजारच्या उकळत्या झऱ्यात लोक जाळीच्या पिशवीतून अंडी आणि कंदमुळे सोडतात. 13 एप्रिलला वडील आपल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला येथे आंघोळ घालतात आणि खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून होंगूला नेतात. मुलाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात.

मिए प्रांतातल्या मारुयामा येथील डोंगरउतारावर 1601 च्या नोंदीनुसार 2240 भातखाचरे होती. तरुण शहराकडे गेले तशी ती 530 वर आली. गावकऱ्यांनी पडीक बांध पुन्हा रचून आता 1340 लागवडीखाली आणली आहेत. डोंगरात कामाला जाणाऱ्यांची शिदोरी म्हणजे मेहारीझुशी : भाताचा गोळा आणि त्याभोवती खारवलेल्या मोहरीवर्गीय भाजीचे पान. नावाचा अर्थ ‘डोळे विस्फारायला लावणारी’. घास एवढा मोठा असतो.

पायी जाणाऱ्यांसाठी

सर्वांत चालती वाट नाकाहेची. ताकिजिरीपासून होंगूपर्यंत ती सुमारे 38 किलोमीटर आहे आणि दर 500 मीटरवर क्रमांकाचा खांब आहे. वेळ कमी असल्यास होश्शिन्मोन ते होंगू हा 7 किलोमीटरचा टप्पा पुरतो. कोहेची ही वाट मात्र तीन उंच खिंडी ओलांडून सुमारे 70 किलोमीटरवरच्या कोयासानशी जोडते. वाकायामा प्रांत आणि महाराष्ट्र शासन यांच्यात 2013 मध्ये सहकार्य करार झाला. सप्टेंबर 2015 मध्ये कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यामुळे कोहेचीच्या त्या टोकाला पोचणाऱ्या मराठी माणसाला एक ओळखीचा चेहरा भेटतो.