दुबईतली पहिली टँडम उडी : वजन शंभराच्या आत, तरी परत का पाठवतात?

पाम जुमेरा या कृत्रिम बेटाशेजारच्या ड्रॉपझोनवर, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या तळावर, पुण्या-मुंबईचे बरेच जण टँडम उडीसाठी हौसेने जातात. टँडम म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून मारायची पॅराशूट उडी. पैसे कधीच भरलेले असतात, घरच्यांची समजूत काढून झालेली असते आणि काउंटरवर नकार मिळतो. बहुतेक वेळा तो वजनावरून.

एजंट सांगतो, पुरुष १०० किलोपर्यंत, बायका ९० किलोपर्यंत. ही माहिती अर्धवट आहे. त्याच्या जोडीला बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या आकड्याची, अट असते : पुरुषांना ३०, स्त्रियांना २७.५. दोन्ही अटी पाळाव्या लागतात, आणि आपली माणसं अडकतात ती दुसरीत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला या हिशेबाने ८१ किलोच्या वर जाता येत नाही, १७० सेंटिमीटरवाल्याला ८६ च्या. १५५ सेंटिमीटरच्या बाईंची मर्यादा जेमतेम ६६ किलो. म्हणजे १०० किलोची मुभा खरी मिळते ती सहा फुटी गड्यालाच. एजंटांना हे माहीत नसतं असं नाही, पण बुकिंग हातचं जाईल म्हणून कोण बोलतो! किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा, तो तुमचा बीएमआय. तो आकडा बघूनच पैसे भरा. काठावर असाल तर घरच्या काट्यावर विसंबू नका, तिथला काटा तुमचं ऐकत नाही. नियम बदलतातही, तेव्हा बुकिंगच्या ईमेलमधल्या अटी स्वतः वाचा.

पासपोर्ट मूळच न्या. मोबाइलमधला फोटो दाखवून हुज्जत घालणारे आणि हॉटेलच्या तिजोरीतला पासपोर्ट आणायला टॅक्सीने पळणारे नेहमीचेच. बुकिंगवरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, ग्रुप बुकिंगमध्ये हे हमखास चुकतं. जोखीम स्वीकारल्याच्या फॉर्मवर ज्याची उडी त्याचीच सही. वय १८ पूर्ण नसेल तर मुलाला घेऊन थेट जाऊ नका, आधी लेखी विचारून घ्या.

आरोग्याच्या प्रश्नांवर ‘सगळीकडे नाही लिहा’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. हृदयविकार, फिट्स, मणक्याचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, गर्भारपण यातलं काही असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. डॉक्टर हो म्हणाले तर लेटरहेडवर, इंग्रजीत, तारखेसह पत्र घ्या. चिठ्ठीवर नुसतं ‘फिट’ खरडलेलं चालत नाही. पत्र असलं तरी शेवटचा निर्णय ड्रॉपझोनवाल्यांचाच. साधी सर्दीही हलक्यात घेऊ नका : वेगाने खाली येताना नाक चोंदलेलं असेल तर कान भयंकर दुखतात.

स्कूबा (सिलिंडर लावून पाण्याखाली डुबकी) केलं असेल तर पुढचे २४ तास उडी नाही. पॅकेजवाले सोमवारी दुपारी स्कूबा आणि मंगळवारी सकाळी स्कायडायव्हिंग ठेवतात, वर ‘वेगळा दिवस आहे ना’ म्हणतात. तास मोजायचे ते पाण्याबाहेर आल्यापासून.

बाकी सोपं आहे. छोटं प्रशिक्षण, हार्नेस (अंगावर बांधायचे पट्टे), विमान, १३,००० फूट. दारातून बाहेर पडताना कंबर पुढे, डोकं मागे, पाय वाकवून मागे, एवढंच लक्षात ठेवा. बाहेर पडल्यावर लगेच ड्रोग नावाची छोटी छत्री सुटते. दोघांचं वजन एकत्र असल्याने वेग फार वाढला असता, तो ती ताशी १९० किलोमीटरच्या आसपास धरून ठेवते. साधारण मिनिटभराने मोठं पॅराशूट उघडतं, तेव्हा मांड्यांना पट्ट्यांचा चांगलाच हिसका बसतो. मग पाच-सहा मिनिटं तरंगणं. जमीन जवळ आली की प्रशिक्षक सांगतील तेव्हा दोन्ही पाय समोर उचला. घाबरून उभं राहायला गेलात तर घोटा जाईल.

बुटांना लेस हवी. मंगळसूत्र, कानातले, अंगठ्या खोलीवरच ठेवा. चष्म्यावरून गॉगल बसतो. स्वतःचा कॅमेरा नेता येत नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारीत उडी मारली हे खरं, पण त्या पद्मश्री मिळालेल्या मुरलेल्या स्कायडायव्हर आहेत. पहिल्या खेपेला तुम्ही ट्रॅक पँटच घाला.

बुकिंगवरची वेळ हजर राहण्याची असते, उडीची नव्हे. वारा वाढला की सगळं थांबतं, म्हणून परतीच्या दिवशी उडी ठेवूच नका. आणि साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीतलं ते कलम शोधा, नसेल तर वेगळं कव्हर घ्या, आणि तेही विमानात बसण्यापूर्वी, भारतात असतानाच.