वृद्धाश्रमात आपल्या माणसाचे हाल होत असतील तर सातारा जिल्ह्यात तक्रार कुठे आणि कशी करायची

आत्याला भेटायला गेलो, तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली धरले होते. पदर बाजूला केला तर मनगटांवर कापडी पट्टीचे लाल वळ. "रात्री उठते म्हणून बांधतात रे," एवढंच म्हणाली. त्यानंतरचे कित्येक दिवस मी चुकीच्या टेबलांपुढे उभा राहून घालवले. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

बहुतेक जण सगळ्यात आधी प्रांत (उपविभागीय अधिकारी) ऑफिस गाठतात. मीही कराडच्या प्रांत ऑफिसलाच गेलो होतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे, त्याखालचं न्यायाधिकरण प्रांतांकडे असतं हे खरं. पण ते मुख्यतः मुलांकडून किंवा वारस नातेवाइकांकडून निर्वाह भत्ता मिळवून देतं. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. आश्रमातल्या मारहाणीची शिक्षा तिथे होत नाही. एक गोष्ट मात्र तिथे नक्की न्यावी. शेवटपर्यंत सांभाळण्याच्या अटीवर ज्येष्ठाने घर किंवा जमीन बक्षीसपत्राने लिहून दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. घेणारा नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. सांभाळाची अट मात्र दस्तातच लिहून घ्या, पुढचे बरेच वाद वाचतात.

मारहाण, बांधून ठेवणं, कोंडणं, धमकी, पैसे किंवा दागिने काढून घेणं यासाठी पोलीस ठाणं. तक्रार कोणीही देऊ शकतो, रक्ताचं नातं लागत नाही. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी जवळच्या ठाण्याला ती झिरो एफआयआर म्हणून घ्यावी लागते. इथे एक बारकावा आहे. साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम ११५) अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे नुसतं "मारलं" असं लिहिलंत तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून परत पाठवतात. बांधून किंवा कोंडून ठेवणं (कलम १२७) दखलपात्र आहे. तेव्हा किती दिवस, किती तास, कशाने बांधलं ते तारखांसह लिहा. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं" असं उत्तर आलं, तर तो सल्ला लेखी मागा. तक्रार घेतलीच नाही तर तीच लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षक, सातारा यांना पाठवा. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंश झालेले, दिसत नसलेले ज्येष्ठ बहुतेकदा दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये बसतात, आणि हा कायदा फारसा कुणी वापरत नाही याची मला खंत वाटते. कलम ७ खाली दिव्यांगाचा छळ होत असल्याचं कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. व्यवहारात म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत. त्या माणसाला तिथून बाहेर काढण्याचा आदेश ते देऊ शकतात. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्नपाणी तोडलं, तर कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं कैद आहे. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर अर्जाला जोडा.

पैसे भरूनही सेवा दिली नाही, अनामत परत करत नाहीत, यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आश्रम पूर्ण मोफत असेल तर हा मार्ग बंद. संस्था ट्रस्ट असेल तर तिच्या कारभाराबद्दल धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, पण तातडीच्या वेळी त्याचा उपयोग नाही.

कागदपत्रांत वयाचा पुरावा, प्रवेश अर्ज, करार आणि सगळ्या पावत्या लागतातच. खरी मदत वैद्यकीय कागदाची होते. वळ दिसले त्याच दिवशी सिव्हिलला किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि "एमएलसी करा" (पोलीस प्रकरण म्हणून जखमांची वैद्यकीय नोंद) असं स्पष्ट सांगा. आठवड्याने वळ जातात, मग हातात काहीच राहत नाही. फोटो काढताना चेहरा आणि जखम एकाच चौकटीत येऊ द्या, मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका. भेटीची वही ठेवा: तारीख, वेळ, अंगावरचे कपडे, पाठीवरच्या जखमा, त्या वेळी कोण कामावर होतं. प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, जिवाला धोका असेल तर ११२. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

जबाबासाठी ज्येष्ठाला ठाण्यात ओढत नेऊ नका. ६० वर्षांवरील साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी तो राहतो तिथे येऊन घ्यायचा असतो (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७९). आत्याचा जबाब आमच्या सोप्यात झाला. मी वाचून दाखवायला सांगितलं. हवालदारांनी "अधूनमधून बांधत असत" असं लिहिलं होतं. आत्याने ते थांबवून "रोज रात्री" असं करून घेतलं.